भादव्यात कवेलूवर चढू नका

श्रावण लागल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत कवेलूच्या (कौलांच्या) आणि इतर छपरांवरच्या शेवाळाबद्दलची पत्रं सगळ्यात जास्त आहेत. त्यातलं एक पत्र सविस्तर घेतो. त्या ताईंना सुचवलेल्या तिन्ही उपायांत कुणाच्या ना कुणाच्या जिवाला धोका आहे. बाकीची पत्रं त्यानंतर.

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आमचं घर अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जंगलाला लागून. भिंती मातीच्या, वर गावठी कवेलू. मागच्या अंगाला आंब्याचं मोठं झाड आहे. त्या बाजूच्या पाख्यावर (छपराच्या उतारावर) हिरवी काई एवढी जाड झाली की हात ठेवला तर गादीसारखी दबते. यंदा दोन ठिकाणी गळत आहे. आमचे हे हैदराबादला कामावर असतात, दिवाळीला येतील. पुतण्या म्हणतो, ‘काकू, गाड्या धुवायचा पंप आणतो, एका दिवसात साफ करून देतो.’ शेजारचे म्हणतात, धानाच्या बांधावर मारतो ते तणनाशक मारा. दुकानदार म्हणतो, ब्लीचिंग पावडर टाका. घरामागंच आमची बोडी आहे, तिच्यात मासोळ्या सोडल्या आहेत. पोळ्याच्या आत छप्पर साफ व्हावं असं वाटते. काय करू जी?
— एक वाचक, जि. गोंदिया

उत्तर : ताई, सगळ्यात आधी पुतण्याला थांबवा. बाकीचं पत्र नंतर वाचलं तरी चालेल.

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर पोळा होऊन भादवा लागलेला असेल. माझे वडील साकोलीच्या बाजूला गावोगाव घरं शाकारायला जायचे. तीस वर्षं त्यांचे पाय कवेलूवर होते. १९८४ च्या भादव्यात शेजारच्या घरी गळत होतं म्हणून पाऊस उघडल्यावर ते ‘एवढं दोन कवेलू सरकवून येतो’ म्हणून चढले आणि काईवरून घसरले. वळचण जमिनीपासून जेमतेम नऊ फूट होती. चौघांनी त्यांना हातापायांना धरून उचललं आणि बैलगाडीत घातलं. पाठीचा मणका मोडलाय हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यानंतर अकरा वर्षं ते खाटेवर होते. ज्यांनी उचललं ती सगळी मायेची माणसं होती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सांगतो : कुणी वरून पडलं आणि पाठ किंवा मान दुखते म्हणालं, पाय हलत नाहीत म्हणालं, तर उचलू नका. आहे तिथंच मान-पाठ सरळ राहील असं पडू द्या, अंगावर पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. जागा सोडावीच लागली, तर दाराची फळी अंगाखाली सरकवून चार-पाच जणांनी एकदम, अंग न वाकवता उचलायचं.

आता काईकडे वळतो. ती दिसते तेवढी वाईट नाही. तिला खरी मुळं नसतात. केसासारखे तंतू असतात, त्यांनी ती कवेलूच्या खरखरीत अंगाला नुसती धरून बसते. पाणी ती पानांतूनच पिते. ती कवेलू फोडत नाही, पण पाणी धरून ठेवते. भट्टीत कमी भाजलेलं गावठी कवेलू पाणी पितं, महिनोन्‌महिने ओलं राहतं आणि ठिसूळ होतं. काईची गादी दोन कवेलूंच्या मधल्या नळीत वाढली की पाण्याची वाट अडते, पाणी बाजूने चढून आत उतरतं. तुमच्याकडची गळती बहुधा अशीच आहे. नाहीतर वानरांच्या उड्यांनी कवेलू सरकलं किंवा फुटलं असेल. आपल्याकडे वानरांपायी किती घरांवरचे कवेलू जाऊन टिना आल्या, ते तुम्ही पाहिलंच असेल.

म्हणजे काई काढायची आहे, पण आज नाही. तिच्यापायी यंदाच्या पावसात घर पडणार नाही. माणूस मात्र पडू शकतो.

पुतण्याच्या पंपाबद्दल सांगतो. गाडीचा पत्रा ज्या जोराने धुतला जातो, तो जोर गावठी कवेलूची भाजलेली वरची साल उडवतो. साल गेली की कवेलू आणखी पाणी पितं आणि पुढच्या वर्षी काई दुप्पट जोमाने येते. खालून वर मारलेलं पाणी कवेलूखाली शिरतं आणि तुमच्या मातीच्या भिंतीत उतरतं. त्यात ओल्या उतारावर उभ्या माणसाच्या हातात झटका देणारी नळी, आणि विजेवर चालणाऱ्या पंपाची वायर पाण्यात. तारेच्या ब्रशनेही सालच जाते. दोन्ही नको.

तणनाशकाचं ऐकून मला जास्त भीती वाटली. कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पॅराक्वॉट असेल तर एवढं ध्यानात ठेवा, की ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. त्या वर्षी कपाशी माणसाएवढी वाढली होती आणि फवारा तोंडावर येत होता. छपरावर खालून फवारा मारला की तेच होतं : औषध डोळ्यांत, नाकात, अंगावर. शिवाय वळचणीचं पाणी आपल्याकडे बादलीत धरतात, कोंबड्या पितात, गाय तोंड घालते. डब्यावर ज्या पिकासाठी आणि ज्या तणासाठी लिहिलं आहे, त्याच्या बाहेर ते औषध नेऊ नका.

ब्लीचिंग पावडर काई वरवर मारते, हे खरं. पण मेलेली गादी जागेवरच राहते, पाणी धरतच राहते, आणि शेवटी ती हाताने काढावी लागतेच. दरम्यान ते पाणी तुळशीत आणि बोडीत जातं, आणि क्लोरीन मासोळ्यांना मारतं. आणखी एक : ब्लीचिंग पावडर कधीही संडास धुवायच्या ॲसिडात मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा वायू निघतो आणि छाती जाळतो. ‘दोन्ही मिळून जास्त साफ होईल’ असं वाटून ही चूक घरोघर होते.

तुमच्याकडच्या भागात संत्र्याचे बगीचे नाहीत, पण काटोल-वरुडचे वाचक नक्की विचारतील की संत्र्याला बुरशीसाठी मारतो ते बोर्डो मिश्रण मारलं तर? मोरचूद (त्यात तांबं असतं) आणि चुना, १०० लिटर पाण्यात प्रत्येकी एक किलो. तांब्याने काई मरते, यात शंका नाही. पण तांबं मासोळ्यांना फार विषारी आहे. बोडी असेल, किंवा घराचा ओघळ मामा तलावाकडे (जुन्या मालगुजारी तलावाकडे) जात असेल, तर मोरचूद छपरावर नकोच. टिनांवरही नको, जस्ताचा मुलामा खाऊन टाकतं.

मग आता, पावसात, काय करायचं? छपरावर न चढता होईल तेवढंच. गळतं तिथं दिवसा घरात उभं राहून वर पाहा. उजेडाची फट दिसली तर कवेलू सरकलेलं आहे. बांबूच्या टोकाला फडकं गुंडाळा आणि आतूनच हळूच ढकलून ते जागेवर आणा. डोळ्यांत माती पडते, म्हणून चष्मा लावा किंवा ओढणी बांधा. आणि न बघता वर हात घालू नका. गांधील माशांचं पोळं, इंचू, कधी साप, हे सगळे पावसाळ्यात कवेलूखालीच कोरडी जागा शोधतात. कवेलू फुटलेलंच असेल तर आतल्या बाजूने प्लास्टिकचा तुकडा वाशांना बांधून पाणी भिंतीबाहेर काढून द्या, खाली परात ठेवा. दिवाळीपर्यंत निभतं. आंब्याच्या ज्या फांद्या छपरावर टेकल्या आहेत त्यांच्यावर नुसती खूण करून ठेवा. पाऊस संपला की जाणत्या माणसाकडून त्या उतरवा. पाख्यावर ऊन आणि वारा आला की अर्धं काम होतं. झाड तोडायची गरज नाही.

खरं काम चैत्रात. मोहफुलं वेचून झालेली असतात आणि तेंदूपत्त्याचा हंगाम अजून लागायचा असतो. त्या मधल्या दिवसांत गावात माणूस मिळतो, आणि काई वाळून पापडासारखी झालेली असते. काम सकाळी सहाला सुरू करून दहाच्या आत थांबवायचं. चैत्राच्या उन्हात कवेलू हाताला पोळतं आणि माणसाला भोवळ येते.

आपल्या आजा-पणजांनी कवेलू ‘घासले’ नाहीत, ‘फेरले’. दर एक-दोन वर्षांनी छपरावरचे कवेलू उतरवायचे, खाली अंगणात वाळवायचे, खराट्याने झाडायचे, फुटके बाजूला काढून परत चढवायचे. लोकांना वाटतं ते फक्त गळतीसाठी होतं. पण काईचा बंदोबस्तही त्यातच होत होता. कवेलू दोन दिवस कडक उन्हात पडलं की त्यावरची काई वाळून सहज निघते. फेरणारी माणसं शहराकडे गेली, फेरणं बंद पडलं, आणि म्हणून आज तुमच्या पाख्यावर गादी तयार झाली. माझं स्पष्ट मत आहे की गावठी कवेलूला छपरावर चढून घासण्यापेक्षा फेरणंच सोपं, स्वस्त आणि सुरक्षित आहे. घासायचं काम जमिनीवर बसून होतं, छपरावर फक्त उतरवणं आणि रचणं उरतं. काई बांबूच्या कमचीने खरवडा आणि मग नारळाच्या काथ्याने पुसा. पाणी लावू नका. तोंडाला रुमाल बांधा, कारण वाळक्या काईची धूळ खूप उडते. खरवडलेली काई शेणखतात टाका, ती कुजते.

कवेलू मधल्या मधून काढू नये. आढ्याकडून, म्हणजे वरच्या ओळीपासून सुरुवात करायची, म्हणजे खालच्या ओळी मोकळ्या होत जातात. चढवताना उलट, वळचणीकडून वर. एका दिवशी एकाच पाख्याचा एक पट्टा घ्या. चैत्रातही कधी अवकाळी पाऊस गाठतो, तेव्हा उघडं राहील तेवढ्यावर टाकायला ताडपत्री जवळ असू द्या.

शिडीबद्दल मी हट्टी आहे. चार हात उंचीला एक हात, या हिशोबाने पाया भिंतीपासून दूर ठेवायचा. वळचणीच्या वर शिडीची दोन हात उंची उरली पाहिजे, म्हणजे छपरावर पाय टाकताना धरायला काही असतं. शिडी वळचणीच्या कवेलूवर टेकवायची नाही, ते फुटतं आणि शिडी सरकते. वाशाच्या टोकावर किंवा मयालीवर (आडव्या तुळईवर) टेकवून दोराने बांधायची. खाली मऊ माती असेल तर फळी घालायची. एक माणूस शिडी धरून उभा राहील, आणि तो तिथून कोतवालाने बोलावलं तरी हलणार नाही. वरच्या माणसाने कवेलूवर थेट उभं राहायचं नाही. बांबूची दुसरी शिडी पाख्यावर उताराच्या दिशेने झोपवून, तिचा दोर आढ्यावरून पलीकडे नेऊन झाडाला किंवा पलीकडच्या खांबाला बांधायचा, आणि तिच्या पायऱ्यांवर बसून काम करायचं. म्हणजे वजन एकाच जागी न पडता वाटलं जातं. कमरेला पट्टा आणि त्याचा दोरही त्याच खांबाला, आणि एवढा आखूड की माणूस घसरला तरी वळचणीच्या आत थांबेल. सैल सोडलेला लांब दोर काही कामाचा नाही. वाळवी लागलेल्या आढ्याला दोर बांधण्यात अर्थ नाही, ते आधी ठोकून पाहा. पोकळ वाजलं तर विश्वास ठेवू नका.

आणि वीज. छपरावरून घरात येणारी वायर दिसत असेल, तर काम सुरू करायच्या आधी १९१२ वर फोन करून किंवा गावच्या लाइनमनला सांगून पुरवठा बंद करून घ्या. ओला बांबूही वीज वाहतो.

काम झाल्यावर आढ्याच्या रेषेत उघडी, जाड तांब्याची तार पसरली, तर पावसाच्या पाण्यातून किंचित तांबं खाली ओघळतं आणि काई परत जोर धरत नाही. टिनेच्या पट्टीखाली कवेलू स्वच्छ राहतं ते जस्तामुळे, तसंच हे. पण तुमची बोडी अगदी मागंच आहे, म्हणून तुम्हाला मी हे सुचवत नाही. तुम्ही फांद्या उतरवा आणि दोन वर्षांनी परत फेरा.

पुतण्याला रागावू नका. काकूचं घर गळतंय म्हणून पोरगा जीव टाकायला तयार झाला. त्याला सांगा, चैत्रात त्याच्यावाचून काम होणार नाही, शिडी धरायला विश्वासाचा माणूस लागतो.

प्रश्न : घरकुलाच्या स्लॅबवर आणि बाहेरच्या जिन्यावर काळं-हिरवं बुळबुळीत थर आला आहे. सासूबाई तिसऱ्या पायरीवरून घसरल्या, थोडक्यात वाचल्या. स्लॅबला कठडा नाही.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमचं शेवाळ आणि वरच्या ताईंची काई वेगळी आहे. तुमच्याकडे सूक्ष्म शैवालाचा पातळ थर आहे, ते सिमेंटवर साचलेल्या पाण्यात वाढतं. इथं ब्लीचिंग पावडर चालते. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम ताजी पावडर कालवा, निवळी गाळून घ्या. पाऊस नसलेल्या दिवशी ओता, १५-२० मिनिटं थांबा, नारळाच्या काथ्याच्या किंवा प्लास्टिकच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. जुनी, हवा लागलेली पावडर निर्जीव असते, तिने काही होत नाही. धुणं नीट करा, कारण क्लोराइड स्लॅबच्या भेगांतून आतल्या सळईपर्यंत गेलं तर ती गंजते. म्हणूनच वर्षातून एकदाच.

घासताना जिन्याच्या खालच्या पायरीपासून वर जात राहा, म्हणजे बुळबुळीत भागावर उभं राहावं लागत नाही. आधी पायऱ्या करा. स्लॅब नंतर, आणि कठडा नसताना काठापासून तीन हात आतच. काठाचा भाग लांब दांड्याच्या ब्रशने. पुढच्या उन्हाळ्यात स्लॅबवर मसाला टाकून दर १० फुटाला एक ते दीड इंच उतार काढून घ्या. पाणी थांबलं नाही तर शेवाळ येत नाही. आणि ताई, उताराच्या आधी कठडा. वाळवण घालायला, पतंग उडवायला लेकरं वर जातातच.

प्रश्न : गोठ्यावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, वीस वर्षांचे. त्यावरचं शेवाळ घासायला माणूस लावू का?
— एक शेतकरी, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : नाही, भाऊ. वीस वर्षांचा सिमेंट पत्रा वरून धड दिसतो आणि पायाखाली काचेसारखा फुटतो. माणूस सरळ गोठ्याच्या दगडावर येतो. त्यात या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. घासलं, फोडलं की त्याचे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. गोठ्यावर शेवाळ राहिलं तर गाईचं काही बिघडत नाही. पत्रा गळायला लागला तर आतून ताडपत्री बांधा, आणि पैसे जमले की पत्रे अख्खे, ओले करून उतरवून टिना टाका. तोवर कुणालाही वर जाऊ देऊ नका, वानर हाकलायलासुद्धा नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या कवेलूवर राखाडी पापुद्रे आहेत. आजी म्हणते ते मसाल्यातलं दगडफूल आहे. ते शेवाळच का?
— एक विद्यार्थी, ता. मोहाडी, जि. भंडारा

उत्तर : बाळा, आजी बरोबरच्या कुळात पोचली आहे. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. तुझ्या छपरावरचे पापुद्रेही तसेच, पण जात वेगळी असते. म्हणून ते भाजीत घालू नका. हिरवी मखमलीसारखी असते ती काई, ती खरी वनस्पती. तिची एक गंमत तू स्वतः पाहू शकतोस. वैशाखात विहिरीच्या किंवा कुंपणाच्या भिंतीवर काळी पडलेली, मेल्यासारखी वाटणारी काई सापडेल. तिच्यावर चमचाभर पाणी टाक आणि घड्याळ लावून बस. काही मिनिटांत तिची पानं उघडतील आणि ती हिरवी होईल. किती मिनिटं लागली ते मला लिहून पाठव. विहिरीच्या कठड्यावर चढू नकोस, अंगणातली भिंत पुरेशी आहे.